भोगीच्या रात्रीची स्टेपनी

चावी खाली ठेव, सोमशेखर. मामाच्या दुकानापर्यंत आलायस, तर चाकं बघू दे आधी. विजापूर कुठं पळून जात नाही आणि तुमच्या मित्राचं लग्न सकाळी आहे. बसा तिघंही. मशीनमध्ये हवा भरायला जरा वेळ लागतो.

स्टेपनी? आहे म्हणतोस. असणारच की, गाडीबरोबर आली म्हणजे आहे. शेवटची कधी बघितलीस...? बघा, तिघं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. शाब्बास.

आयुष्यभर मी या सोलापुरात टायर विकले, आणि गाडीवाल्यांबद्दलचं माझं मत एकदाही सुधारलं नाही. आरशाला लिंबू-मिरची, बॉनेटला हार, मागच्या काचेवर घराण्याचं नाव. दसऱ्याला चारही चाकांना हळदकुंकू. पाचव्या चाकाला कुणी कुंकवाचं बोट लावलेलं मी अजून बघितलेलं नाही. महिन्यातनं एकदा डिकी उघडायची, स्टेपनीची हवा बघायची, बाकीच्या चाकांपेक्षा थोडी जास्तच ठेवायची, जॅक आणि पाना जागेवर आहे का बघायचं. एवढंच काम. चहा प्यायला याहून जास्त वेळ लागतो. पण यांना वेळ नसतो. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा!

हसू नका. या दुकानाच्या वरच्या खोलीत अजिनाथ राहायचा माझ्याकडं भाड्यानं, त्याची गोष्ट सांगतो. ऐकीव नाही. त्यानं आणि त्याच्या बहिणीनं, दोघांनी वेगवेगळी सांगितली आणि दोन्ही जुळल्या.

दोन हजार पंचवीसची भोगी. जानेवारीची तेरा तारीख, सोमवार. ग्रामदैवताच्या जत्रेचे नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या फेरीला निघालेले, गावात पाय ठेवायला जागा नव्हती. अजिनाथ बहिणीला आणायला मंद्रूपला निघाला होता. त्याची बायको प्रियंका नवव्या महिन्यात. तिला आई नाही, म्हणून बाळंतपणाला अजिनाथची थोरली बहीण गोजाबाई येणार होती. गोजाबाईच्या घरी मेंढरं. नवरा मेंढरांमागं आणि ती नवऱ्यामागं, असा त्यांचा संसार. तोंडानं लई फाटकी बाई, पण मन सोन्याचं.

आता बहिणीला आणायचं तर एकट्यानं जावं की नाही? पण अजिनाथनं नुकतीच जुनी गाडी घेतली होती आणि ती गावात मिरवायची होती. म्हणून दिवस भरत आलेल्या बायकोलाही बसवलं मागं. गाडीचं काय सांगू तुम्हाला! टायरांवर नक्षी शोधावी लागायची, इतके झिजलेले. इंजिनचं ऑइल डांबरासारखं काळं. पण चाकांना चकचकीत अलॉय रिम बसवले, सीटला लाल कव्हर, डिकीत गाण्यांचा हा एवढा बाजा. गाडी रोज माझ्या दारात उभी. मी म्हणायचो, "अजिनाथ, हवा तरी बघून घे, फुकट देतो." तो म्हणायचा, "बगू की काका, निवांत." या निवांत माणसांचा मला जेवढा राग येतो तेवढा चोराचाही येत नाही. चोर निदान वेळेवर कामाला लागतो.

मंद्रूपला बाजरीची भाकरी झाली, भोगीची भाजी झाली. नऊच्या सुमाराला तिघं परत निघाले. हायवेवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. याला घाई कसली? घाई नव्हती. पण रांगेत थांबणं शोभत नाही ना गाडीवाल्याला. यानं गाडी आतल्या रस्त्याला घातली. सीनेच्या कडेकडेनं जाणारा, एका बाजूला ऊस, एका बाजूला बाभळी. अर्ध्यात गेल्यावर पुढचं डावं चाक बसलं.

तो उतरला. अमावस्या नव्हती हं. तुमची भुतं अमावस्येला आणि बाराच्या ठोक्यालाच येतात, कारण तुम्ही पिक्चर बघता. त्या रात्री पौष पौर्णिमा होती. टिपूर चांदणं. वर्तमानपत्र वाचता येईल असं. अजिनाथनं डिकी उघडली, तो बाजा उचलून बाहेर ठेवला आणि त्या गाडीची स्टेपनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. काढून रस्त्यावर टाकली तर ती उडाली नाही, पडली तिथंच निजली. हवेचा टिपूस नाही आत.

आणि तेवढ्यात प्रियंकाला कळ आली.

गोजाबाई आतनं ओरडली, "आज्या, दवाखान्यात चल. ही आता थांबायची न्हाय." यानं एकशे आठला फोन लावला. फोनवरच्या बाईनं विचारलं, नेमके कुठं आहात? याला सांगता येईना. रेंज गेली. मी त्याला नंतर विचारलं, अरे गाढवा, हायवे काही लांब नव्हता, तशीच बसलेल्या चाकावर हळूहळू का काढली नाहीस? तर खाली बघून म्हणतो, "काका, अलॉय खराब झालं असतं." ऐकलंत? बायको कळा देतेय आणि हा अलॉयला ओरखडा पडू नये म्हणून उभा. माणसाची अक्कल कुठं जाते अशा वेळी, कुणास ठाऊक.

उभा राहिला तसं त्याला पुढं एक गाडी दिसली. हाकेच्या अंतरावर, पांढरी, रस्त्याच्या कडेला. आपण थांबलो तेव्हा ही इथं होती का, ते त्याला आठवेना. त्या गाडीकडनं एक माणूस चालत येत होता. अजिनाथला वाटलं, देवच आला धावून.

पावलं उलटी होती का? नाही रे. सरळ होती. पायात चप्पल. साधी रबरी. चंद्र त्याच्या पाठीमागं होता, म्हणून तोंड अंधारात, एवढंच.

तो जवळ आला. म्हणाला,

"स्टेपनी हाय का?"

अजिनाथ म्हणाला, "हाय, पण हवा न्हाय."

माणूस खाली बसला. उकिडवा. त्यानं टायरवर अंगठा ठेवला आणि दाबला. आपण बघतो की, तसाच. अंगठा आत गेला... मुळापर्यंत. अजिनाथ म्हणतो, रबर असं लोण्यासारखं दबताना मी कधी बघितलं नव्हतं.

"माझीबी अशीच," माणूस म्हणाला.

आवाज साधा होता. दमलेला.

"बायकू हाय गाडीत. दिस भरल्यात तिचं."

अजिनाथ मग म्हणाला, "कवापासनं थांबलायसा?"

माणसाचा अंगठा तसाच टायरवर.

"लई टेम झाला," तो म्हणाला. "येत्यात लोकं मदनं मदनं. इचारतो. त्यांच्याबी अशाच असत्यात."

अजिनाथनं त्या पांढऱ्या गाडीकडं बघितलं. चांदणं होतंच. नीट दिसलं. टायर नव्हतेच तिला, नुसत्या रिमा, मातीत अर्ध्या रुतलेल्या. आणि मागच्या चाकाच्या आतनं... बाभूळ वर आली होती. रोप नव्हे. झाड. गाडीच्या टपाच्या वर गेलेलं.

त्याला पळायचं होतं.

तेवढ्यात गाडीत प्रियंका कण्हली.

माणसानं मान वळवली. हळू. ऐकत राहिला.

"तुमचीबी बायकू...?"

अजिनाथनं मान हलवली.

"मग थांबा की हितंच," माणूस म्हणाला. "सोबत हुईल."

...

वारा नव्हता. ऊस हलत नव्हता. रातकिडेसुद्धा गप्प. अजिनाथ सांगतो, मला वाटलं, खरंच थांबावं. काय घाई आहे... निवांत. तो खाली बसायला लागला. गुडघे वाकले होते त्याचे.

गाडीचं दार आपटलं.

गोजाबाई उतरली होती. पदर खोचलेला. तिनं त्या माणसाला बघितलं. त्याच्यामागची गाडी बघितली. बाभूळ बघितली. तिला कळलं सगळं, ती धनगराची बाई आहे, रानात रात्री काढलेली. तुम्ही-मी असतो तर रामरक्षा आठवली असती, नाहीतर शिवा शिवा म्हटलं असतं. ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"काय रं ए! बायकू गाडीत कळा देत पडलीया, आन तू रस्त्यावर लोकांच्या टायरात बोटं घालीत फिरतुयास? आमची मेंढी व्यायला लागली तर माजा मालक रातभर तिच्या उशाला बसून ऱ्हातोय. मेंढीच्या! आन तू बायकूला एकली टाकून हवा हुडकतुयास? हवा! भाड्या, मेलास तरी अक्कल आली न्हाय व्हय रं तुला!"

मेलास तरी, म्हणाली. तोंडावर.

शिव्या घातल्या की भूत पळतं म्हणतात. हा पळाला नाही. बसला होता तसा बसून राहिला, खाली मान घालून. दुकानात मी गिऱ्हाइकाला झापल्यावर गिऱ्हाईक बसतं तसा.

आणि मग... त्या पांढऱ्या गाडीतनं आवाज आला. बाईचा. बारीक. थकलेला.

"ऐकलंसा का... बाई काय म्हणत्यात ते?"

माणूस उठला.

कुणाकडं बघितलं नाही त्यानं. चालत गेला. बाभळीच्या बाजूनं वळसा घातला. मागचं दार उघडलं. आत बसला. तिच्याशेजारी.

दार लागलं.

जड आवाज, जुन्या गाड्यांच्या दारांचा असायचा तसा. आणि चांदण्यात नुसता रस्ता. गाडी नाही. झाड नाही. काही नाही.

अजिनाथ तसाच उभा. गोजाबाई त्याच्याकडं वळली. "आन तू रं? तू कुणाची वाट बगतुयास? चल, बस. चालीव गाडी."

"अक्का, चाक..."

"चाक गेलं मसणात. बस म्हंते न्हवं!"

त्यानं स्टेपनी डिकीत फेकली. बाजा तिथंच रस्त्यावर राहिला, त्याची आठवणही झाली नाही. गाडी निघाली. धाड धाड करत, रिमवर, ठिणग्या उडवत. ते अलॉय दगडावर आपटून चपटं झालं आणि ते एकच शहाणपण त्या गाडीनं आयुष्यात केलं. हायवेला ट्रॅक्टरवाल्यांनी बघितलं, त्यांच्यातल्या मुकादमानं आपली जीप दिली. पहाटे दवाखान्यात मुलगी झाली, धडधाकट. गोजाबाईनं नर्सला सुद्धा दोन शिव्या घातल्या, मग पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानातली पोरं जाऊन बघून आली. काही सापडलं नाही, बाजासुद्धा नाही. बाजा कुणी नेला ते मात्र मला कळतं. त्याला भूत लागत नाही.

विश्वास ठेवा म्हणत नाही मी. मीही ठेवला नव्हता. भोगीला काहीतरी जास्त झालं असणार, असंच मी अजिनाथच्या तोंडावर म्हणालो. मला लाज वाटली ती नंतर.

तिसऱ्या दिवशी गाडी ओढून माझ्या दारात आणली. मी डिकी उघडली. स्टेपनी मीच काढली. दवाखान्यातनं डबा न्यायला आलेला अजिनाथ तिच्याकडं बघायला तयार नव्हता, रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. त्याची मुलगी अजून दवाखान्यातच होती, आईच्या कुशीत. गोजाबाई तिच्याजवळ. गाडीला कुणी हात लावलेला नव्हता.

मी हवा भरली. हितंच, या मशीनवर. टायर फुगला. दगडासारखा झाला. पण एका जागी खड्डा राहिला. अंगठ्याएवढा. मी अजून भरली. आणखी भरली. रबर आहे ते, चिखल नाही. आत हवा गेली की खड्डा वर यायलाच पाहिजे... नाही आला.

मी चष्मा लावला. खड्ड्यावरनं बोट फिरवलं. आत बोटाच्या रेघा होत्या. मोठ्या माणसाच्या.

मग बोट जरा पुढं गेलं...

त्याला लागूनच दुसरा होता. मुगाच्या दाण्याएवढा, तान्ह्या बोटाचा. त्यातही रेघा होत्या.