आत एक

"त्या बटणाला हात लावशील तर याद राख," मी म्हणाले.

"मावशी, ही खोली आता माझ्या ताब्यात आहे. तुला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली."

"मी निवृत्त झाले. माझी अक्कल नाही झाली."

भांडण सुरू होऊन तोवर दहा मिनिटं झाली होती. समोर माझी भाची, शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूमची मुख्य इंजिनिअर. आणि मी, त्याच खोलीत एकतीस वर्षं काढलेली म्हातारी. तिच्याकडे पदवी आहे, माझ्याकडे कोपरे झिजलेली मॅन्युअलं. मी इथे लागले ती फरशी पुसायला. पुसता पुसता पडद्यावरचं वाचायला लागले, डिक्शनरी मांडीवर घेऊन मॅन्युअलं फोडली, आणि एके दिवशी चार साहेबांना मिळून जमेना ते करून दाखवलं. तेव्हापासून यंत्रानं मान टाकली की मला बोलावणं येतं. त्या दिवशी जेवणानंतर भाचीचा फोन आला, "मावशी, पडद्यावर सगळी गिचमीड झालीय, जरा येऊन जा." मी चपला घातल्या आणि निघाले. काम एवढंच होतं.

बाहेर धुकं इतकं दाट होतं की भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागलेले. कंट्रोल रूमला एकच अरुंद खिडकी. तीही त्या दिवशी चुना फासल्यासारखी पांढरी दिसत होती. आत पंख्याची घरघर, आणि त्या पडद्याचा उजेड.

आता काय पणाला लागलं होतं ते ऐका. वर डोंगरात, इथून दोन तासांवर, आमचं धरणाचं ठाणं आहे. तीन लोखंडी दारं, आणि त्यांच्या खाली पाण्याचा बोगदा. पूर्वी तिथे माणूस असायचं, आता कोणी नसतं. तिथल्या यंत्राचा पडदा आम्ही इथे बसून बघतो, इथे टाईप केलेला हुकूम तिथे पाळला जातो. भाचीचा नवरा फिटर. सकाळपासून तो बोगद्यात उतरला होता, अडकलेला गाळ आणि फांद्या काढायला. तीनपर्यंत बाहेर येतो म्हणाला होता. साडेतीन व्हायला आले होते. त्याचा फोन जीपमध्ये नुसता वाजत होता. आणि चारच्या ठोक्याला, शहराला पाणी सोडायला, दोन नंबरचं दार आपोआप उघडणार होतं. ते रोखायचं तर पडद्यावरून हुकूम द्यायचा, आणि पडद्यावरचं एक अक्षर धड वाचता येत नव्हतं.

दोष भाचीचाच होता. कुठलीशी बारीक कुरबूर शोधायला तिनं यंत्राची एक कच्ची फाईल तशीच पडद्यावर ओतली. ती फाईल माणसांनी वाचायची नसतेच. तिच्या पोटात कुठेतरी अशी एक खूण असते, की आता अक्षरं नकोत, त्यांच्या जागी रेघा काढ. पडदा बिचारा आज्ञाधारक. प्रत्येक अक्षराच्या जागी रेघ, कोपरा, ठिपक्यांची चौकट. ही चूक शिकल्या-सवरल्या माणसाकडूनच होते, म्हणून मी काही बोलले नाही. म्हणजे, फारसं नाही.

"सोपं आहे," भाची म्हणत होती, "वरचं यंत्र बंद करून पुन्हा सुरू करते. सहा मिनिटांत पडदा स्वच्छ. मग चारच्या आत दार रोखता येईल."

"आणि सुरू होताना ते यंत्र काय करतं?"

तिनं नजर बटणावरून हलवली नाही.

"बोल की, इंजिनिअरबाई. तिन्ही दारं एकदा उघडून मिटून बघतं. चालतात की नाही म्हणून. आणि खाली तुझा नवरा आहे."

"तो बाहेर आला असेल, मावशी! तीन म्हणाला म्हणजे तीन. घड्याळाचा पक्का आहे तो."

"असेल? 'असेल'वर दारं उघडत नसतात, बाई."

"आणि काहीच केलं नाही तरी चारला ते उघडणारच आहे ना!" तिचा आवाज फाटला. हात बटणाकडे गेला.

मी तिचं मनगट धरलं. धरता धरता माझी नजर पडद्याच्या सर्वात खालच्या ओळीवर गेली, आणि तिथेच अडकली.

दोन करड्या चौकटी. त्यांना लागून एक उभी रेघ, तिला मधूनच उजवीकडे हात फुटलेला. मग मोकळी जागा. मग एक बारीकशी खूण, आणि शेवटी एक कोपरा.

"ही ओळ कधी आली?"

"कुठली? कचरा आहे तो सगळा."

"कचरा नाही," मी म्हणाले. "ही ओळ मी आधी एकदा पाहिली आहे. तेव्हा मीही तिला कचराच म्हणाले होते."

ठाण्यावर माणूस असायचं म्हणाले ना, ती एक बाई होती. आम्ही दोघी वीस वर्षं एकाच पडद्याच्या दोन टोकांना बसलो, आणि प्रत्यक्ष भेटलो दोनदा. मी तिला पलीकडची म्हणायची, ती मला अलीकडची. पडदा जुना, त्याला आपली अक्षरं येत नसत, म्हणून इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचो. तिचा एक नेम होता. यंत्रावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. बोगद्यात उतरणाऱ्याचा जेवणाचा डबा ती काढून घ्यायची आणि दारापाशी खुंटीला टांगायची. मग पडद्याच्या शेवटच्या ओळीत लिहायची, 'आत एक'. माणूस वर आला, डबा हातात पडला, की ओळ बदलायची, 'आत कोणी नाही'. ते वाचल्याशिवाय मी कधी दार हलवलं नाही. एक दिवस सोडला तर.

पलीकडचीला जाऊन तीन वर्षं झाली होती. वरची खोली तेव्हापासून कुलूपबंद.

"आणखी कोण गेलंय त्याच्याबरोबर?"

"कोणी नाही. मावशी, तू अशी का बघतेस...?"

"सरक बाजूला."

मी बसले. आधी जोडणी सोडली. आमच्या बाजूचा पडदा मूळ स्थितीला आणायचा हुकूम आंधळेपणानं टाईप केला, कारण तोही टाईप करताना रेघाच उमटत होत्या. बोटांना पाठ होता म्हणून बरं. अक्षरं अक्षरांसारखी झाली. पुन्हा वर जोडणी केली.

अक्षरं आली, पण ओळी सगळ्या विस्कटलेल्या. एकीचं शेपूट दुसरीच्या डोक्यावर, आकडे भलत्याच रकान्यात, दार एकची स्थिती दार तीनपुढे. कुठल्या चौकटीत हुकूम द्यावा कळेना. चुकून एकचं दार हललं असतं तर...

पावणेचार.

तेवढ्यात वास आला. तापलेल्या धुळीचा. जुन्या काचेच्या पडद्याचं यंत्र हिवाळ्यात सुरू केलं की यायचा, तसा. पंखा घरघरत होता आणि तो वास हळूहळू खोलीभर पसरत होता.

आणि माझ्या डोळ्यांदेखत पडद्यावरचं चित्र आक्रसलं.

ते वरच्या डाव्या कोपऱ्यात गेलं, लहान झालं आणि घडी घातल्यासारखं नीट बसलं. ओळीखाली ओळ, रकान्याखाली रकाना. उरलेला सगळा पडदा टिंबांनी भरून गेला. नुसती टिंबं, ओळीच्या ओळी.

भाचीला याचा अर्थ माहीत होता. मलाही. एकच पडदा दोन जागांहून दोघं बघत असले, की यंत्र लहान पडद्याचं माप धरतं आणि मोठ्या पडद्यावर उरलेली जागा टिंबांनी भरतं.

"मावशी... कोणीतरी येऊन बसलंय."

मी बघणाऱ्यांची यादी मागवली. दोन नावं. एक आमचं. दुसरं, ऐंशी अक्षरं बाय चोवीस ओळी, आणि जोडणीचं नाव तेच, जे वीस वर्षं पलीकडचीच्या टेबलाचं होतं.

"तिचं यंत्र तर आपण खाली आणलं होतं," भाची कुजबुजली.

आम्ही दोघींनी एकदमच वर पाहिलं. कपाटावर ते होतं. फुगीर काच, अंगावर कापड, वायर पोटाभोवती गुंडाळलेली, पिन हवेत लोंबत होती. भाची स्टुलावर चढली. कापडाखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"गरम आहे..."

"उतर खाली."

"मी ती जोडणी तोडते. आत्ताच्या आत्ता!"

"तोडलीस तर चित्र परत विस्कटेल. दारांचा आपला जुना तक्ता ऐंशी बाय चोवीसचाच आहे, म्हणून तर तो आत्ता बसला. तिनं आपल्याला वाचण्यापुरती जागा करून दिलीय. बोलू नकोस, मला वाचू दे."

शेवटच्या ओळीत आता स्वच्छ अक्षरांत होतं, 'आत एक'.

भाचीनं तोंडावर हात दाबला. तिचा नवरा अजून खालीच होता. सहा मिनिटांच्या त्या बटणानं काय झालं असतं, ते तिला सांगावं लागलं नाही.

मी दार दोनच्या चौकटीत गेले आणि रोखण्याचा हुकूम दिला. यंत्रानं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. 'दार २: बंद. रोखले.' भिंतीवरच्या घड्याळात चारला तीन मिनिटं कमी होती. चार वाजले. 'बंद' बदललं नाही.

सव्वाचारला फोन वाजला. भाचीनं त्यावर झडपच घातली.

"मूर्खा! कुठे होतास?" ती रडत होती आणि हसत होती. "तीन म्हणजे तीन म्हणाला होतास ना रे!"

मावशीही आहे इथे, म्हणत तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकला. जावयाला धाप लागली होती. बॅटरी विझली, म्हणाला, अंधारात फाटा चुकला, पाणी गुडघ्याला लागलं आणि बाहेरची बाजू कुठली तेच कळेना. मग ठोके ऐकू आले. लोखंडावर. तीन, मग थांबून तीन. आवाज धरून चालत आलो, म्हणाला.

"मावशी, वर कोणाला पाठवलं होतंत? दाराशी तर कोणी दिसत नाही."

"ठोके बाहेरून येत होते?" मी विचारलं.

"आधी पुढून येत होते. मग मी शिडी चढायला लागलो... तेव्हा खालून. माझ्या मागून." धाप टाकत म्हणाला, "आणि माझा डबा खुंटीला कोणी टांगला? मी जीपमध्ये ठेवला होता."

"डबा घे, जीपमध्ये बस आणि घरी ये," मी म्हणाले. "मागे बघू नकोस, पण जाताना थँक्यू म्हण."

फोन ठेवला. पडद्याच्या शेवटच्या ओळीत हालचाल झाली. शेपटीकडून एकेक अक्षर पुसलं गेलं. पलीकडची अशीच पुसायची, सावकाश, प्रत्येक अक्षराला निरोप दिल्यासारखी. ओळ कोरी झाली. मी हात जोडले.

मग एकेक अक्षर पुन्हा उमटलं.

'आत एक'.

भाचीनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि खुर्ची पुढे घेतली. पुन्हा साहेब झाली.

"चल, आता दार उघडू दे, मावशी. शहराचं पाणी अडलंय."

"नाही."

"नाही म्हणजे? तो बाहेर आलाय! तू स्वतः बोललीस त्याच्याशी."

"ओळ वाच."

"ओळ गेली खड्ड्यात! तो एकटाच गेला होता, एकटाच बाहेर आला. आत आहे कोण मग?"

मी तीन वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं. त्या दिवशीही पडदा असाच गिचमीड झाला होता. खालच्या ओळीत दोन करड्या चौकटी, हात फुटलेली रेघ, एक खूण, एक कोपरा. फांदी अडकली म्हणून पलीकडची स्वतःच उतरली होती. तिचा डबा काढून घ्यायला तिथे कोणी नव्हतं, म्हणून तिनं स्वतःसाठी स्वतःच ओळ लिहिली आणि गेली. मी पाहिली, कचरा म्हणाले, आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. पडदा लख्ख झाला. मला मोठा अभिमान वाटला. चौकशीत अपघात असं लिहिलं गेलं. कुठल्या अक्षराची कुठली रेघ होते त्याचा तक्ता घेऊन मी ती ओळ उलगडली, ती आठ दिवसांनी.

कपाटावर काच तडतडली, तापलेली काच निवताना तडतडते तशी, किंवा तापताना.

"मावशी," ती हळू म्हणाली, "टाकीत रात्रीपर्यंतच पाणी आहे. जी माणसं आहेत त्यांना प्यायला लागतं. जी नाहीत त्यांच्यासाठी किती वेळ थांबायचं... सांग ना, किती वेळ?"

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली, तिच्यासाठीही एक ओढली, आणि म्हणाले, "मागच्या वेळी मी तिला एक मिनिटही दिलं नाही गं, आज ती स्वतःच्या हातानं 'आत कोणी नाही' लिहीपर्यंत मी इथे बसणार आहे."