भाऊसोच्या मशीनचं दार

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ज्याच्यासमोर हे घडलं तो माझा सख्खा मामा आहे. थापा मारणाऱ्यांतला नाही तो.

१९९७ चा मे महिना. गाव आष्टा. आणि वेळ भर दुपारची, बारा-साडेबाराची.

जोतीराममामाचं सांगलीत दुरुस्तीचं दुकान होतं. पुढून काचेचं दार असलेली वॉशिंग मशीन तेव्हा आमच्याकडे मोजक्याच घरांत. त्यातली एक आष्ट्याच्या भाऊसोची. बागायतदार माणूस, पण लय तापट. बायकोला, मायाला, गुरासारखं मारायचा. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. एकानंही तोंड उघडलं नाही, मेल्यांनी.

तीन दिवस दार उघडेना म्हणून त्यानं मामाला बोलावलं. वहिनी कुठायत विचारलं, तर म्हणे माहेरी, माणला गेलीय. त्याची आई हरणाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती मान वर करेना.

मामानं काचेतून पाहिलं.

आत एकच साडी. हिरवी. आणि पाणी... तांबूस.

काचेवर हातोड्याचे घाव होते. दहा-बारा तरी. पण साधा तडा गेला नव्हता.

"रंग गेलाय त्याचा," भाऊसो म्हणाला. "तू नुसतं लॉक सोड. कापडाला हात लावायचा न्हाई. कापड मी काढणार."

मामाची एक सवय होती. कामाआधी मेन बोर्डावरचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा, म्हणजे घरातल्या कुणी चुकून करंट सुरू करायला नको. तसा टाकला. नळी मोरीत सोडून पाणी काढलं.

वास साबणाचा नव्हता.

तरी मामानं मशीनचं वरचं झाकण खोललं आणि हात आत घालून लॉकची खिट्टी चाचपायला लागला.

तेवढ्यात आतून...

किण... किण...

बांगड्या. पत्र्यावर आपटत होत्या.

खट्!

दार सुटलं. भाऊसोनं मामाला बाजूला ढकललं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

आणि ड्रम फिरला.

मामानं खिसा चाचपला. फ्यूज खिशातच होता.

साडीचा पीळ भाऊसोच्या दंडापर्यंत चढला. कोपर मोडलं... ऊस मोडावा तसा आवाज झाला. त्याचं तोंड मशीनच्या कडेवर आदळलं. एकदा. दोनदा. दात फरशीवर सांडले. ड्रम थांबायचा, परत फिरायचा. दम खाऊन पुन्हा मारावं तसा.

हरणाबाई सरपटत मशीनसमोर आली. हात जोडले.

"माया, सोड गं त्याला. म्या आडवायला पायजे हुतं, म्या न्हाई आडवलं. पर एकुलता हाय माझा. सोड."

ड्रम थांबला...

भाऊसोनं हात ओढून बघितला.

मग ड्रम उलटा फिरला. या खेपेला थांबलाच नाही.

हात खांद्यातून सुटला. सांगलीला दवाखान्यात नेताना भाऊसो वाटेतच गेला. दोन दिवसांनी त्याच्याच उसातल्या विहिरीत माया सापडली. अंगावर साडी नव्हती.

मामानं पोलिसांना सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून.

ती त्यानं मला गेल्या वर्षी सांगितली.

"वायरी कापायची कात्री माझ्या हातात हुती रं. साडी एका झटक्यात कापली असती, तर वाचला असता त्यो. मला कुणी धरलं नव्हतं. मी नुसता बघत राह्यलो."

मी विचारलं, भीतीनं?



"न्हाई. बरं वाटत हुतं मला," मामा म्हणाला. "लय बरं वाटत हुतं... पर ते मला वाटत हुतं का तिला, ते अजून कळंना."

मामा आमचा देवमाणूस आहे. पण हे ऐकलं त्या दिवसापासून मी त्याच्या घरी मुक्कामाला थांबलेलो नाही.