कॅलमला कोण सांगणार

निवेदनातल्या शोकसंवेदना ‘तीव्र’ म्हणाव्यात की ‘मनःपूर्वक’, यावर कॅनबेराच्या मुख्यालयात मंगळवारी दिवसभर खल चालला होता. मी टाउन्सव्हिलच्या लष्करी तळावरचा कुटुंब-संपर्क अधिकारी. निकाल येईपर्यंत मर्व्ह ट्रँटरच्या व्हरांड्यात बसायचं आणि त्याला काहीही कळू द्यायचं नाही, एवढाच माझा संपर्क.

हेलिकॉप्टर आदल्या दिवशी बेटांपलीकडे समुद्रात कोसळलं होतं. ते मर्व्हचा मुलगा कॅलम चालवत होता. तुकडे सापडले होते आणि कोणी वाचलेलं नव्हतं. तळावर पाव टाकणाऱ्यालाही हे ठाऊक होतं. बापाला मात्र ‘शोध सुरू आहे’ एवढंच सांगायचा हुकूम होता.

“चहा घेणार?” मर्व्हने विचारलं. जन्मभर साखर कारखान्याला ऊस नेणारी आगगाडी चालवलेला माणूस. “की त्यालाही वरून परवानगी लागते?”

आत न्हाणीघरात पाणी वाहत होतं.

“कोण आहे आत?”

“कॅलम. सकाळीच आला. हेल्मेटसुद्धा काढत नाही.”

मी विज्ञानाचा पदवीधर. दुःखात माणसं नळ बंद करायला विसरतात, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात आतून कोणीतरी खाकरलं.

दाराच्या फटीतून पाणी व्हरांड्यापर्यंत आलं होतं. त्याला रॉकेलसारखा वास होता. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

“सारखं एकच विचारतो,” मर्व्ह म्हणाला. “‘बाबा, काय म्हणाले ते?’ मी म्हणतो, शोध सुरू आहे. की पुन्हा तेच.”

“मग तुम्हीच काय ते सांगा ना त्याला.”

“मी? मला कुठे कोणी काय सांगितलंय?”

बुधवारी मर्व्हने चहा विचारला नाही.

“काल कुत्रीचं नाव विसरला. आज सकाळी आईचं. मित्रा, सांगून टाक. मला ओळखतोय तोवर जाऊ दे त्याला.”

मी कॅनबेराला फोन लावला.

“‘अधिक तपशील योग्य वेळी’ यातला ‘योग्य’ वकिलांना खटकतोय,” तिकडची बाई म्हणाली.

“इथे घरचं माणूस खोळंबलंय हो.”

“घरचं कोण?”

मी फोन ठेवला. मर्व्ह माझ्याकडे बघत होता. आता सांगायचंच, नोकरी गेली खड्ड्यात, असं ठरवून मी तोंड उघडलं. त्यातून ‘शोध सुरू आहे’ बाहेर पडलं.

मर्व्हने मान हलवली. रागावलासुद्धा नाही.

गुरुवारी दुपारी परवानगी आली. संवेदना मनःपूर्वक ठरल्या होत्या. मी गाडी दामटली, पायऱ्या चढलो आणि न्हाणीघराच्या दारासमोर उभा राहून खणखणीत आवाजात सांगितलं. हेलिकॉप्टर पडलं. कोणी वाचलं नाही. वैमानिक कॅलम ट्रँटर याचा मृत्यू झाला.

पाणी थांबलं.

मर्व्हने दारावर तळहात टेकवला. “कॅलम? ऐकलंस ना, बाळा?”

आत कोणीतरी उठून उभं राहिलं. ओल्या बुटांचा आवाज दारापर्यंत आला.

“फार वाईट झालं, काका,” आतून एक तरुण, अदबशीर आवाज म्हणाला. “तुमचा कोण होता तो?”