समोर बघा

नवऱ्याने गाडीत रस्ता दाखवणारा, स्वतः जुळवलेला संगणक बसवायला घेतला, तेव्हा तिने एकच अट घातली होती: गाडी हलली की पडदा काळा झाला पाहिजे. ती महाविद्यालयात व्याकरण शिकवत असे आणि अटींच्या बाबतीत सूट देणाऱ्यांपैकी नव्हती.

"दोन सेकंद नजर हलली, तर तेवढ्यात गाडी किती लांब जाते, ठाऊक आहे तुम्हाला?"

"मास्तरीणबाई, मला गाडी चालवायचीय, पेपर नाही द्यायचा," तो म्हणाला; पण ऐकले. तो टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा. जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड त्याने रेडिओच्या जागी कोंबला आणि पडद्याची तार हँडब्रेकला जोडली. ब्रेक सोडला की पडदा बंद.

यंत्राचा आवाज मात्र तिचा होता. आयता मिळणारा आवाज 'ळ'चा 'ल' करतो, म्हणून तिने चार वाक्ये स्वतःच बोलून दिली: पट्टा लावा, हळू चालवा, पेट्रोल भरा, समोर बघा. चालत्या गाडीत कोणी पडद्याला बोट लावले, की शेवटचे वाक्य वाजे. घरात ऐकतो ते कमी पडत होते, म्हणून गाडीतही सोय करून घेतली, असे तो मित्रांना सांगे.

त्या दिवशी नऊ वर्षांच्या लेकीची दाढ काढून मायलेकी परतत होत्या. दुपारचे चार वाजले होते, पण नदीकाठच्या रस्त्यावर धुके इतके दाटले होते की वेळेचा काही अंदाजच लागेना. लेक शेजारच्या सीटवर गालाशी रुमाल धरून पेंगत होती. गाडीत लवंगेच्या तेलाचा वास कोंडला होता. वायपरची संथ घासघास सोडली, तर कुठलाच आवाज नव्हता.

"आई, घर आलं?"

"नाही गं. झोप तू."

तेवढ्यात पडदा उजळला. तार सैल झाली असणार, असे तिच्या मनाने लागलीच कारण दिले. निळसर उजेडात अक्षरे उमटली: 'पुढिल वळण डावीकडे'.

पुढिल. 'ढ'ला पहिली वेलांटी. परवाच तिने ही चूक दाखवली होती आणि 'केली दुरुस्त' असे नवऱ्याने छातीठोकपणे सांगितले होते. तिची नजर त्या वेलांटीवर खिळली. धुक्यात, चालत्या गाडीत, स्टिअरिंग हातात असताना, ती एका वेलांटीवर मनापासून चिडली.

"...समोर बघ गं."

आवाज अगदी कानाशी आला. तिने मान वर केली आणि ब्रेकवर पाय दाबला. गाडी घसरत गेली... आणि थांबली. समोर एक ट्रक दिवे न लावता उभा होता. त्यातून बाहेर आलेल्या लोखंडी सळया लेकीच्या समोरच्या काचेपासून जेमतेम वीतभर अंतरावर होत्या.

तिने गाडी मागे घेतली, कडेला लावली. मग लेकीचे कपाळ चाचपले, हनुवटी, सुजलेला गाल.

"दुखतंय ना... हात काढ," लेक झोपेतच कुरकुरली. इतके गोड वाक्य तिने आयुष्यात ऐकले नव्हते. तिला हसू आले, मग रडू, मग पुन्हा हसू.

घरी पोहोचल्यावर तिने नवऱ्याला सगळे सांगितले. तो लगेच पकड-पेचकस घेऊन आला. "काढूनच टाकतो ते. आत्ताच्या आत्ता."

"काढा. पण आधी तपासा. मी 'बघा' म्हटलं होतं. यंत्रानं मला 'बघ गं' म्हटलं."

"घाबरलं की माणूस काहीही ऐकतं."

"मान्य. म्हणूनच तपासा म्हणतेय."

यंत्रात वाक्ये चारच निघाली, जशीच्या तशी. पण बिघाड शोधायला बरे म्हणून गाडीतला शेवटच्या तासाभराचा आवाज ते साठवून ठेवत असे. लेकीला झोपवून दोघे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ऐकत बसले. वायपर. लेकीचा जड श्वास. आणि मग तो आवाज. तिचाच, यात शंका नव्हती. पण घसा चिरलेला, दम लागलेला, सत्तरीच्या बाईचा असावा तसा. गाडीत तिच्या कानांवर फक्त शेवट पडला होता. वाक्य त्याआधी सुरू झाले होते.

"या वेळी तरी... समोर बघ गं."

नवऱ्याने यंत्र बंद केले.

"'तरी' म्हणजे?" त्याने हळूच विचारले.

हा प्रश्न तिला वर्गात दरवर्षी विचारला जाई. आणि दरवर्षी ती फळ्यावर उदाहरण लिहून दाखवी, की आधी काही घडून गेल्याशिवाय अशा वाक्यात या शब्दाला जागा मिळत नाही.

"काही नाही," ती म्हणाली.

आतून लेकीने पाणी मागितले. ती जवळजवळ धावतच गेली.