चौथं स्थळ

"अहो, अहो! हात लावू नका, ते शोचं आहे!"

रिसेप्शनमागून लीना ओरडली, तेव्हा तो माणूस पियानोवरची प्रसादाची पाकिटं एकेक करून बाजूला ठेवत होता. शिर्डीतल्या त्या हॉटेलच्या मालकाने हौसेने लॉबीत पियानो आणून ठेवला होता खरा, पण लोक त्यावर पिशव्या टेकवत.

"वाजतो का बघतो. आई दर्शनाच्या रांगेत आहे... तेवढ्यात."

"आणि बिघडला तर?"

"तर शोला राहीलच की!"

आगाऊच होता मेला. पण मग तो बसला, आणि कसली तरी संथ, थांबत-थांबत जाणारी धून वाजवू लागला... बिल भरायला आलेलं गिऱ्हाईक ताटकळलं, तरी लीनाचं लक्ष नाही.

सुश्रुत त्याचं नाव. नगरला सावेडीत राहायचा, एका शाळेत पियानो शिकवायचा. ती धून एका सोनाटातली होती. सोनाटा म्हणजे एकट्या पियानोसाठीची मोठी रचना. स्वर न् स्वर कागदावर लिहिलेला, तरी दोघांच्या हातून कधी सारखा येत नाही, असं तो म्हणाला.

"काहीतरीच!"

"ऐकवतो. मग बोला."

शिर्डी आणि नगरच्या अधेमधे राहुरी. तिथे स्टँडसमोरच्या रसवंतीत दोघं भेटू लागले, आणि 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते कळलंही नाही. एक इयरफोन तिच्या कानात, एक त्याच्या. धून तीच, वाजवणारा दर वेळी वेगळा. नियम ठरला तो असा, की वाजवणाऱ्याचं नाव आधी सांगायचं नाही आणि मत द्यायचं ते अगदी खरं, भीड न ठेवता. त्यात लीनाने आपली भर घातली. घरी तिच्यासाठी स्थळं बघणं चाललंच होतं. तिने पियानोवाल्यांनाच स्थळं करून टाकलं.

"हा कसा वाटतो?"

"पंगतीत भात वाढायच्या आत ताक मागणारा. काय ती घाई! नापास."

"आणि हा?"

"थोर आहे रे... पण ह्याच्या घरात मोठ्याने हसायची चोरी. नको."

"अगं, जगाने डोक्यावर घेतलंय त्याला!"

"घेऊ दे. संसार मला करायचाय."

तिसरं स्थळ मात्र तिला मनापासून पसंत पडलं. रडवणारं, पण रडायला लाज न वाटू देणारं. ती निघाली जपानची एक बाई! सुश्रुत इतका हसला, की त्याचे कान हलले. लीना त्या कानांवर कधीच भाळली होती, सोनाटा आपला निमित्ताला. पण हा पठ्ठ्या विचारेल तर शपथ.

आणि मग कोपरगावचं खरं स्थळ आलं. रविवारपर्यंत उत्तर हवं होतं.

"काय कळवू मग?" तिने त्याच्याकडे न बघता विचारलं.

त्याने रसाचा ग्लास नुसताच फिरवला. "आधी... हे एक ऐक."

आता ह्या वेळेला ऐकायचं असतं का काही? लीना आतून धुमसत होती. तोच संथ भाग वाजत होता, पण तिचा सगळा राग त्या बिचाऱ्या वाजवणाऱ्यावर निघाला.

"हा तर प्रत्येक स्वर परवानगी मागून वाजवतोय! येऊ का, बसू का... अरे, बस की एकदाचा! असल्याबरोबर जन्म काढायचा? छे. नकार कळव."

"नक्की?"

"पत्रिकासुद्धा बघायची नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि रस तसाच टाकून नगरच्या एसटीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात बरोबर काम करणाऱ्या रेश्माने विचारलं, "काय गं, आवडलं का सुश्रुत सरांचं वाजवनं? तुजी सुट्टी हुती त्या दिवशी हितं येऊन मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं त्यांनी. टीव्ही मीच बंद केला. म्हनले, ह्ये ऐकवून तिला लग्नाचं विचारनार हाय."

म्हणजे काल लीनाने नापास केला तो सुश्रुतच! ती तशीच नगरला गेली. शाळेच्या व्हरांड्यात तो भेटला.

"मला माहीत नव्हतं रे, तू आहेस ते!"

"म्हणून तर ते खरं मत."

"मी चिडले होते तुझ्यावर! तू विचारत नव्हतास म्हणून... आणि त्या चरकाच्या गोंगाटात काय डोंबल ऐकू येणार?"

"बाकीचेही तिथंच ऐकलेस, लीना. आणि तुझं चुकलंय काय? मी तसाच वाजवतो. आहेच मी तसा."

"मग तसाच हवास मला. मी विचारते. लग्न करशील माझ्याशी?"

त्याने चटकन वर बघितलं. वाटलं, आता हसेल... पण नाही.

"उद्या कधी मी कचरलो, की तुला हे आठवेल."

"मला नाही आठवणार! तुला आठवेल!"

"हो," तो म्हणाला. "मलाच आठवेल."

तिने भांडून पाहिलं, हात धरून पाहिला. तो मान खाली घालून उभा राहिला. शेवटी तो तिला तारकपूर स्टँडवर सोडायला आला, आणि गर्दीत घुसून खिडकीतून रुमाल टाकून त्याने तिच्यासाठी जागा धरली. लीना बसली. फोन काढला. तो खिडकीखालीच होता.

"आई... कोपरगावला हो म्हणून कळव."

तिने मुद्दाम मोठ्याने सांगितलं. त्याला ऐकू गेलं.

गाडी हलली तशी लीनाला हुंदका आवरेना. शेजारच्या म्हातारीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"कोन गेलं गं बाई?"

"कुणी नाही, मावशी," लीना म्हणाली. "तो काय, तिथंच उभा आहे."