डबीतलं बदक

"टक्... वाक्! टक्... वाक्!"

"बंद कर ते बदक!" फर्ग उशी कानांवर दाबून ओरडला.

"बदक नाहीये ते, आवाजाचा फिल्टर आहे!" ब्रॉन धाकट्या भावावर खेकसली. तिने गिटारच्या सगळ्या तारा तळहाताने दाबून धरल्या होत्या. गिटार गप्प होती. डबी बोलतच होती. टक्... वाक्!

ती डबी तेरा वर्षांच्या ब्रॉनने स्वतः बनवली होती. तीन महिने खपून! टपालाने एकेक भाग मागवून आणि दोनदा बोटं भाजून घेऊन. गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये ती जोडायची आणि पायाने दाबायची. तार जोरात छेडली की आवाज "वाक्" करून तोंड उघडायचा, हळू छेडली की नुसता कुजबुजायचा. निदान तसं व्हायला हवं होतं. पण सोमवारी डबी पुरी झाली तेव्हापासून आत काहीतरी टकटकत होतं, आणि प्रत्येक टकटकीला ती इमानेइतबारे "वाक्" करत होती.

ब्रॉनने काय काय केलं नव्हतं! सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले. वायर बदलली, बॅटरी बदलली. अख्खी डबी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंबली. काही उपयोग नाही! आज शुक्रवार उजाडला होता आणि तिला रडू यायचंच बाकी होतं.

दारात कीथमामा उभा राहिला. सुट्टीत दोघं त्याच्याच मेंढ्यांच्या फार्मवर यायची. तो गावच्या अग्निशमन दलाचा कॅप्टन होता आणि उद्या दलासाठी हॉलमध्ये कार्यक्रम होता. त्यात ब्रॉन गिटार वाजवणार होती.

"काय गं, अजून बदकच पाळतेयस?"

"मामा, दोष माझ्या डबीत नाहीये. मी शंभरदा तपासलंय!"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मामा हसला. "संध्याकाळपर्यंत गप्प झाली तर आण. नाहीतर डबी घरी ठेवायची, कळलं?"

तो गेला आणि ब्रॉनने सोल्डरच्या तारेची गुंडाळी भिंतीवर फेकली.

"भिंतीचा काय दोष?" खिडकीतून ब्रॉनची मैत्रीण व्रूला डोकावली. तिच्या आईवडिलांचं गावात मासे आणि चिप्सचं दुकान होतं. "डबी घे आणि आमच्याकडे चल. बघू तिथे काय करते."

तिघं सायकली हाणत गावात पोचली. दुकानाच्या मागच्या खोलीत ब्रॉनने सगळं जोडलं आणि श्वास रोखला.

काहीच नाही! ना टक्, ना वाक्. तिने तार छेडली, तेव्हा कुठे डबी झकास "वाक्" म्हणाली.

"म्हणजे बदक डबीत नाही," व्रूला म्हणाली, "तुमच्या फार्मवर आहे!"

परत येईपर्यंत उत्तरेच्या वाळवंटावरून येणारा गरम वारा सुटला होता. रस्त्यावरच्या पाटीवर मामाने स्वतःच सकाळी लाल अक्षरं लावली होती: आज उघड्यावर काडीसुद्धा पेटवायची नाही. स्वयंपाकघरात नॅन, म्हणजे मामाची आई, क्रिकेट ऐकत रेडिओला थापट्या मारत होती.

"रविवारपासून ही कटकट! एक धड ओव्हर ऐकू येत नाही!"

रेडिओतून आवाज आला: टक्... टक्... टक्...

ब्रॉन आणि फर्गने एकमेकांकडे पाहिलं.

"नॅन, रविवारी इथे काय झालं होतं?"

"काय होणार? कीथने तळ्याकडचं कुंपण नीट केलं."

विजेचं कुंपण! मेंढ्यांनी तार ओलांडू नये म्हणून ते सेकंदाला एक झटका सोडायचं. ब्रॉनने नॅनच्या पुढ्यातला रेडिओ उचलला आणि तिघंही पळत सुटली.

"अगं, माझी ओव्हर!" नॅन मागून ओरडली.

कुंपणाच्या कडेने जसजसं पुढे जावं तसतशी टकटक वाढत गेली. तळ्याच्या कोपऱ्यावर तर समालोचक ऐकूच येईना. वीज खांबात उतरू नये म्हणून लोखंडी खांबावर तार ज्यावर बसवतात, तो चिनी मातीचा गट्टू तिथे नव्हताच! त्याऐवजी बागेच्या नळीचा तुकडा चिरून गुंडाळला होता. उन्हाने तो तडकला होता, आणि तडकलेल्या जागी निळी ठिणगी उडत होती. टक्! टक्! खाली गुडघाभर वाळलेलं गवत होतं. आणि गवतातून...

"धूर!" व्रूला किंचाळली.

"हात लावू नका कुणी! फर्ग, लोकरीच्या शेडमध्ये कुंपणाचं यंत्र आहे, बंद कर! पळ!"

फर्ग बाणासारखा सुटला. दोघींनी तळ्यातून हॅट भरून घेतल्या, पण झटके चालू असताना पाणी टाकायचं कसं? धुराची रेघ जाड होत चालली. टक्... टक्...

आणि रेडिओतून स्वच्छ आवाज आला, "...आणि चेंडू सीमापार!"

"बंद झालं! ओत!"

पाच-पाच हॅट पाणी ओतलं तेव्हा कुठे धूर मेला. ब्रॉनने नळीचा जळका तुकडा ओढून काढला आणि रागाने खिशात कोंबला.

पण ती मामावर ओरडली नाही. चहाच्या वेळी तिने भोळेपणाने विचारलं, "मामा, आजच्यासारख्या दिवशी कुणाच्या कुंपणातून ठिणग्या उडत असतील तर?"

"कोण तो गाढव?" मामाने टेबलावर मूठ आपटली. "नाव सांग! उद्या स्टेजवर उभं करून सगळ्या गावासमोर कबूल करायला लावतो!"

ब्रॉनने खिशातून नळीचा जळका तुकडा काढून त्याच्या बशीत ठेवला.

"ही माझी नळी!" नॅन म्हणाली. "कीथ, ही तू कापलीस?"

मामाचा चेहरा पडला. "गट्टू संपले होते... म्हटलं, चालतंय..." मग त्याने तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "धूर होता का गं?"

"होता."

शनिवारी हॉल गच्च भरला होता. कॅप्टनने माइक हातात घेतला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. हॉलमध्ये हशा पिकला.

"या तिघांमुळे आज आपलं गाव शाबूत आहे," मामा म्हणाला. "या मुलीला मी म्हणालो, नाचता येईना, अंगण वाकडं. तर मंडळी, अंगणच वाकडं होतं, आणि ते मीच वाकडं केलं होतं!"

टाळ्या थांबल्यावर ब्रॉनने डबीवर पाय ठेवला. पण तिने लगेच वाजवलं नाही. आधी ती नुसती उभी राहून ऐकत राहिली.

एकही टक् नाही.

मग तिने तार छेडली.