एकोणिसावं पान

"दोन वाजता बाबांना श्वासाचं यंत्र लावणार आहेत," मुलगी म्हणाली. "ते नको, असं बाबांनी शुद्धीत असताना लिहून दिलंय. तो कागदच फाइलमधून गायब झालाय."

साडेबारा वाजले होते. बाई लगेच उठल्या. मागोमाग त्यांचा नवरा, म्हणजे मास्तर, अर्धा चहा टाकून निघाला. निवृत्तीनंतर त्याने बायकोच्या तपासात भागीदारी घेतली होती; डोकं तिचं, पिशवी त्याची.

"सही मंगळवारी केली," मुलगी वाटेत सांगू लागली. "तपासणीसाठी दिवसभर उपाशी ठेवलं होतं. चिडून म्हणाले, खाणंपिणं तुमच्या हातात, निदान मरण तरी माझ्या मनासारखं येऊ द्या."

घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला तो म्हातारा आता दवाखान्यात बेशुद्ध होता. एकेक श्वास ओढून घेत होता.

मुलगा दारातच भेटला. "मला बाबा हवेत. कागद हाती लागता तर फाडलाच असता, खोटं कशाला बोलू? पण फाइल कुलपात असते."

"सापडला चोर," मास्तर पुटपुटला.

"चोर असा आपणहून कबूल होतो होय?"

परिचारिका रडकुंडीला आली होती. "कागद मीच लावला होता. किल्ली माझ्याकडे नाहीतर डॉक्टरांकडे. रोज पानांवर आकडे घालतो आम्ही, तेही सलग आहेत. मला तर वेड लागायची पाळी आलीय."

डॉक्टर म्हातारबांचे तीस वर्षांचे मित्र. डोळे तारवटलेले. "असा कागद मी पाहिला नाही," ते म्हणाले. "आणि कागदाशिवाय मी हातावर हात ठेवून बसू शकत नाही."

मास्तरने फाइल चाळली. "एक ते एकतीस, सगळी पानं जागेवर. एकोणीस, मंगळवार: प्रकृती स्थिर, दोन्ही वेळा जेवण व्यवस्थित. कागद लागलाच नसेल गं."

बाईंनी ते पान डॉक्टरांच्या इतर नोंदींशी ताडून पाहिलं आणि सगळ्यांना खाटेपाशी बोलावलं.

"एक पान काढलं की आकडा तुटतो. म्हणून त्या जागी दुसरं लिहून लावलं. पण मंगळवारी रुग्ण उपाशी होता, मग दोन्ही वेळा जेवला कसा? ते पान मागाहून, अंदाजाने लिहिलंय. अक्षर तुमचं आहे, डॉक्टर."

डॉक्टरांनी खिशातून घडी केलेला कागद काढून मुलीच्या हातात दिला.

"रोज संध्याकाळी आम्ही बरोबर फिरायला जायचो. वाटलं, यंत्रावर आठ दिवस तरी मिळतील."

"कोणाला?" बाईंनी हळूच विचारलं. "त्यांना की तुम्हाला?"

मास्तरला डॉक्टरांकडे बघवेना.

मुलाने बहिणीच्या हातून कागद घेतला, वाचला, आणि तिला परत दिला. डॉक्टरांनी यंत्र बाहेर न्यायला सांगितलं, आणि श्वासाची तगमग कमी करणारं औषध मागवलं.

"माझं चुकलं, आणि ते मी लिहून देईन," ते मुलांना म्हणाले. "पण आत्ता त्याला त्रास होऊ न देणं माझं काम आहे. तेवढं करू द्याल?"

मुलाने त्यांच्यासाठी खाटेजवळ खुर्ची सरकवली.